पाचव्या तुकड्यावरचा बाण

भय देहात नेमके कुठे वस्ती करते, याविषयी जाणत्यांत मतभेद असतील. बाईंच्या बाबतीत ते गेली चोवीस वर्षे उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत राहत होते. ज्या दोन बोटांच्या चिमटीत काळ्या शाईचे पेन धरून त्यांनी एकदा एका ओल्या दगडावर बाण काढला होता, ती बोटे अधूनमधून, विशेषतः कोणी त्यांची स्तुती करू लागले म्हणजे, बर्फासारखी गार पडत. आणि स्तुतीचे प्रसंग वारंवार येत. कारण बाई आपल्या विद्येत अग्रगण्य मानल्या जात.

प्रयोगशाळेतले लहानथोर त्यांना नुसते 'बाई' म्हणत. वय एकोणसाठ, देह सडसडीत, आवाज मृदू, चष्म्याची दोरी सदैव गळ्यात. चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत त्या रोज जिन्याने चढून जात. लिफ्ट दार उघडून उभी असली तरी तिच्याकडे दृष्टिक्षेपही टाकीत नसत. "बाईंचे गुडघे बघा आणि आपले बघा," असे तरुण मंडळी कौतुकाने म्हणत. लिफ्टचे दार मिटले की बाईंचा श्वास कोंडतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. गुहांच्या अभ्यासात जिची हयात गेली ती विदुषी बंद दाराला भिते, असे कोणी शपथेवर सांगितले असते, तरी ते कोणाला खरे वाटले नसते.

त्यांचे वडील वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासणे हे त्यांचे काम. सुट्टीच्या दिवशी ही लहानगी त्यांच्या बोटाला धरून हिंडे. पितळी वजनांची पेटी उघडताना वडील म्हणत, "वजन कधी लबाडी करत नाही, पोरी. लबाडी करतो तो ठेवणारा हात." पुढे मुलीने निवडलेली विद्याही एका अर्थी तोलण्याचीच निघाली. एकाच मूलद्रव्याचे काही अणू किंचित जड, काही किंचित हलके. गुणाने सख्खे भाऊ, अंतर केवळ वजनाचे. शास्त्र त्यांना समस्थानिके म्हणते. पावसाच्या पाण्यात जड आणि हलका असा दोन्ही प्रकारचा ऑक्सिजन असतो. बाईंच्या डोंगरांत पाऊस सढळ हाताने पडला की जडाचे प्रमाण घटे, हात आखडता घेतला की वाढे. ते पाणी चुनखडीतून झिरपत गुहेत उतरते आणि थेंबाथेंबाने दगडाचा पापुद्रा मागे ठेवून जाते. वर्षाकाठी पाच-सात केसांच्या जाडीचा. ज्या वर्षी पृथ्वीवर कोणीही पाऊस मोजला नाही, त्या वर्षीचा पाऊसही तिथे तोलून ठेवलेला असतो.

दगडातून चिमूटभर भुकटी काढण्यासाठी बाई दातांच्या डॉक्टरांचे कोरायचे यंत्र वापरीत, आणि त्यांचा विवाहही त्यातूनच जुळला होता. उमेदीच्या काळात असे एक जुने यंत्र मागायला त्या एका दवाखान्यात गेल्या. "कशासाठी हवंय?" असे विचारणाऱ्या तरुण दंतवैद्याला त्यांनी तासभर दगडांच्या पापुद्र्यांविषयी सांगितले, शेवटी बाहेर गाल धरून बसलेल्या रुग्णाने दार ठोठावले. दंतवैद्य पुढे आयुष्यभर म्हणत राहिला, "त्या दिवशी पेशंटची दाढ गेली आणि माझी अक्कल."

आता त्या बाणाविषयी.

बाई पस्तीस वर्षांच्या असताना त्यांनी एका गुहेतून दगडाचा नमुना काढला. गुहेचे तोंड प्रशस्त, पुढे पोटावर सरपटत जावे लागे अशी एक अरुंद बोळ, आणि पलीकडे उंच दालन. वाटाडे बोळीला 'नरडं' म्हणत आणि दालनाला 'पोट'. बाईंचा वाटाड्या मध्यम वयाचा, बोलण्यात तिरकस, सगळ्यांचा मामा. दालनाच्या तळावर थिजलेल्या प्रवाहासारखा दगड पसरलेला होता. दुसरे संशोधक गुहेतले उभे स्तंभच्या स्तंभ करवतीने कापून नेत. बाईंना ते बघवत नसे. ज्याला वाढायला सहस्रावधी वर्षे लागली त्यावर दोन मिनिटांत करवत चालवणे त्यांना पातकासारखे वाटे. म्हणून पोकळ नळीच्या यंत्राने त्या तळाच्या दगडातून मेणबत्तीच्या जाडीची एक कांडी तेवढी काढायची आणि भोकाला बूच मारायचे, ही त्यांची रीत. कांडी अखंड निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी येते. प्रत्येक तुकडा हाती येताच त्यावर वरच्या दिशेचा बाण काढायचा, म्हणजे अलीकडचे वर्ष कोणत्या टोकाला आणि जुने कोणत्या, हे चुकत नाही. या व्यवसायातला हा पहिला संस्कार. आधी बाण, मग श्वास.

चार तुकड्यांवर बाण निघाले. पाचवा नळीत अडकून फिरत होता, तेव्हा मामा नाक वर करून म्हणाला, "ताई, वास बदलला."

"कसला वास?"

"मातीचा. वर डोंगरावर कुठेतरी जोरात कोसळलाय. आवरा."

"दोन मिनिटं, मामा."

"तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत. नरड्यात पाणी आलं तर आपली उत्तरपूजा इथेच होईल, बघायलाही कोणी येणार नाही."

बाईंनी नळी घाईघाईने आपटली. तुकडा सुटला, हातातून निसटला आणि डबक्यात पडून गडगडला. त्यांनी तो उचलला. नळीत फिरून फिरून त्याची दोन्ही टोके घासून गुळगुळीत झाली होती. चौथ्या तुकड्याशी कोणते जुळते, हे सांगायला एक खाचही उरली नव्हती. तुकडा खिशात घालून त्या मामाच्या मागोमाग नरड्यात शिरल्या. पाणी तोवर हनुवटीला लागले होते. मध्यावर दिवा विझला. त्या अंधारात पुढे सरकण्याऐवजी त्यांचे अंग लाकडासारखे ताठ झाले, बोबडी वळली, आणि पाण्याने ओठ शिवला. मामा पलीकडे बाहेर पडून उलटा परत शिरला, त्यांची कॉलर धरली आणि त्याने त्यांना पोत्यासारखे ओढून बाहेर काढले.

बाहेर गाडीत, दात कडकडा वाजत असताना, त्यांनी खिशातून तो तुकडा काढला, घटकाभर इकडून तिकडून पाहिला आणि बाण काढला. असा असावा, असे वाटले म्हणून. नोंदवहीत लिहिले: तुकडा पाचवा. त्यापुढे दोन शब्द लिहायला हवे होते, 'खात्री नाही'. ते लिहिले नाहीत. हुडहुडी भरली होती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की ते शब्द लिहिले असते तर पुन्हा त्या गुहेत जावे लागले असते.

उरलेले चार तुकडे पुढच्या वर्षी सहकाऱ्यांनी जाऊन आणले. बाईंनी पाठदुखीची सबब सांगितली. ती पाठदुखी चोवीस वर्षे टिकली.

त्या कांडीने बाईंना कीर्ती दिली. आणि विधिघटना अशी की त्या नऊ तुकड्यांतले सर्वांत मोलाचे जे होते ते पाचव्यातच निघाले: एक महादुष्काळ, सुमारे शंभर वर्षांचा. बाणाप्रमाणे वाचले तर तो सत्तर-ऐंशी वर्षे हळूहळू गडद होत गेला, आणि मग एकाएकी संपला. संपला तिथे तांबड्या गाळाची एक सुरेख रेषा होती. परतलेल्या पावसाच्या पुराने ती आणली, असे बाईंनी लिहिले. तुकडा उलटा धरला तर कथाही उलटी होत होती. मग दुष्काळ तीन-चार वर्षांत झडप घालून येत होता, शतकभर रेंगाळत जात होता, आणि ती तांबडी रेषा पुराची नव्हे, उजाड झालेल्या डोंगरावरून आलेल्या धुळीची ठरत होती. दोन्ही कथा सुसंगत. दोन्हींची टोके शेजारच्या तुकड्यांशी बिनतक्रार जुळत होती. युरेनियम आणि थोरियम तोलून दगडाचे वय काढतात, तेही बाईंनी तीनदा करून पाहिले. पण गाळाच्या भेसळीमुळे उत्तर शंभर वर्षे इकडे किंवा तिकडे येई, आणि तुकडाच मुळी सव्वाशे वर्षांचा.

तरी प्रारंभी ही केवळ विद्वानांच्या चर्चेतली गोष्ट होती. बाई स्वतःची समजूत घालीत, की शक्यता निम्मी आहे, आणि अर्धे जग निम्म्या शक्यतेवरच सुखाने झोपते. मग एके दिवशी पाणीपुरवठा खात्याचे पत्र आले.

खात्याने शहरासाठी पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा केला होता आणि त्यावर बाईंची शास्त्रीय संमती हवी होती. नऊ दिवसांनी बैठक. बाई उभ्याउभ्याच वाचत होत्या. सहाव्या पानावर त्यांना खुर्ची ओढून घ्यावी लागली. 'या प्रदेशातील दुष्काळ सावकाश येतो व किमान सत्तर वर्षांची पूर्वसूचना देतो, असे सिद्ध झाले आहे. सबब शहरातील अकरा जुन्या विहिरी राखीव जलस्रोत म्हणून सांभाळण्याची आवश्यकता उरलेली नाही. त्या बुजवून जागा मोकळ्या कराव्यात.' खाली संदर्भ म्हणून बाईंच्या ग्रंथाचे नाव.

'सिद्ध' हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. तोंडचे पाणी पळाले.

त्या संध्याकाळी त्या घरी न जाता नवऱ्याच्या दवाखान्यात गेल्या. शेवटचा रुग्ण बाहेर पडला होता. बाई थेट त्या कलत्या खुर्चीत जाऊन पडल्या.

"दुखतंय कुठे?" दंतवैद्यांनी हात धूत विचारले.

"अहो, मला काहीतरी सांगायचंय."

"सांग. तीस वर्षांत या खुर्चीत पडून आपणहून तोंड उघडणारी तू पहिलीच."

त्यांनी सगळे सांगितले. बाण, डबके, न लिहिलेले दोन शब्द, खात्याचे पत्र. दंतवैद्य हात पुसत राहिले, हात कोरडे झाल्यावरही.

"मला वाटायचं तू अंधाराला भितेस," ते अखेर म्हणाले. "न्हाणीघराचं दारसुद्धा पुरतं लावत नाहीस, ते मी कधी विचारलं नाही. पण हे..."

"आता खात्याला काय कळवू?"

"खरं ते कळव. माहीत नाही म्हणून."

"चोवीस वर्षांनी? आणि तेवढ्याने भागतं का? 'माहीत नाही' म्हटलं तर ते म्हणतील, बरं, मग राहू द्या पहिलंच. आराखडा तयार आहे, सह्या झाल्यात. मला नक्की काय ते सांगता यायला हवं."

"आणि ते कसं कळणार?"

बाईंनी छताकडे पाहिले. "कांडी काढली ते भोक अजून तिथेच आहे. भोकाच्या भिंतीवर तेच थर असणार, निसर्गाने मांडले त्या क्रमाने. त्यांना उलटं करणारं कोणी नाही."

दंतवैद्यांनी दिवा बाजूला सारला. बायकोचा चेहरा पाहून त्यांना विनोद सुचला नाही. ते एवढेच म्हणाले, "मग मी गाडी चालवीन. आत मात्र येणार नाही, अगं. मी पण भितो."

प्रयोगशाळेतले वस्तुमान मोजणारे यंत्र ज्यांच्या ताब्यात होते त्या गृहस्थांना सगळे यंत्रोबा म्हणत. त्या यंत्राशी ते माणसाशी बोलावे तसे बोलत आणि माणसांशी यंत्रासारखे. बाईंनी त्यांना विचारले, "पेरभर रुंदीच्या भोकात वीतभर खाली बघायचं असेल तर?"

"नळदुरुस्तीवाल्यांचा कॅमेरा. तारेच्या टोकाला असतो. मोबाईलवर दिसतं," यंत्रोबा म्हणाले. "कुठलं भोक?"

"मीच पाडलेलं, गुहेतलं."

यंत्रोबांनी चष्म्यावरून क्षणभर पाहिले आणि तारेवर सेंटिमीटरच्या खुणा करून आणून दिली. जाताना म्हणाले, "काय निघालं ते मला सांगा. त्या पाचव्या तुकड्याच्या वयाने मला तीनदा छळलंय. मला वाटत होतं, माझ्या यंत्राचंच चुकतंय."

हे ऐकून बाईंना जे वाटले त्याला भय म्हणता येणार नाही. पण भयापेक्षा ते सुसह्यही नव्हते.

पाहायचे होते ते सोपे होते. चौथ्या तुकड्याच्या तळाशी कोळशासारखी एक काळी रेघ होती. त्या तुकड्याच्या बाणाविषयी शंका नव्हती. भोकात ती काळी रेघ शोधायची आणि तिच्याखाली तांबडी रेषा किती अंतरावर आहे ते मोजायचे. एका बोटाच्या अंतरावर असेल तर बाण बरोबर. चार बोटांच्या अंतरावर असेल तर उलटा.

मामा आता सत्तरीला टेकला होता. त्याने बाईंना पाहून कपाळाला हात लावला.

"चोवीस वर्षांनी पाठ बरी झाली वाटतं."

"मामा, त्या दिवशी तो तुकडा माझ्या हातातून पडला, आठवतं? कोणतं टोक वर होतं?"

"ताई, मला काल काय जेवलो ते आठवत नाही. तुमचं तोंड आठवतंय तेवढं. पांढरं फटक." मग आकाशाकडे पाहून तो म्हणाला, "पावसाचे दिवस तोंडावर आलेत. आज जमेल. परवा विचाराल तर मी नाही म्हणेन."

नरड्याच्या तोंडाशी बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांची पाचावर धारण बसली. भोवती तोच गार, शिळा वास. खडक इतका खाली आलेला की शिरस्त्राण घासत होते. मामा पुढे शिरला. त्याच्या बुटांचे तळवे दिव्याच्या उजेडात दिसले आणि वळणाआड गेले. बाईंनी डोके आत घातले, बाहेर काढले. पुन्हा घातले, पुन्हा काढले. तिसऱ्यांदा त्या कोपरांवर सरकल्या आणि मग मागे फिरायला जागाच उरली नाही, हेच बरे झाले. छाती खडकाला टेकत होती. श्वास घेतला की खडक तो परत ढकलून देई. मध्यावर कुठेतरी खळखळल्याचा आवाज आला. बाई जागच्या जागी गोठल्या.

"मामा! पाणी!"

"पाणी नाही ताई," अंधारातून उत्तर आले, "माझं पोट गुरगुरतंय. न्याहारी न करता आलोय तुमच्यापायी."

बाईंना हसू फुटले नाही. पण कोपर एक वीत पुढे सरकले. मग आणखी एक वीत.

दालनात पोचल्यावर कितीतरी वेळ त्या भिंतीला पाठ लावून बसून राहिल्या. मामाने छिन्नीने बूच सैल करून काढले. चोवीस वर्षांत भोकाच्या काठावर नवा पापुद्रा धरला होता, जाड सायीसारखा. बाईंनी तार आत सोडली. मोबाईलच्या पडद्यावर प्रथम नुसते धुके, मग ओलसर, पिवळट भिंत, आणि तिच्यावर एकाखाली एक शांतपणे निजलेली वर्षे. इतक्या भयातही बाईंचे मन क्षणभर नतमस्तक झाले.

काळी रेघ आली. त्यांनी तारेवरच्या खुणेवर नख ठेवले आणि तार खाली सोडली. एक बोट. पडद्यावर पांढरे थर. कदाचित कॅमेरा तिरका झाला असेल. त्यांनी तो फिरवला. चहूबाजूंनी पांढरेच. दोन बोटे. तीन. आणि मग सावकाश, कोणतीही घाई नसल्याप्रमाणे, तांबडी रेषा पडद्याच्या खालच्या कडेने वर चढून आली. चार.

बाईंनी तार पूर्ण वर ओढली आणि पुन्हा सोडली. चार. तिसऱ्यांदा सोडली. चार.

मामा शेजारी उकिडवा बसून पडद्याकडे पाहत होता. त्याला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. त्या दालनात ती रेषा वाचू शकणारी दुसरी व्यक्ती नव्हती. बाहेर जाऊन 'एक बोट' म्हटले असते, तर अवघ्या जगाने मान डोलावली असती. हा विचार बाईंच्या मनात आला, आणि तो किती सहज आला, याचीच त्यांना त्या दिवसातली सर्वांत मोठी भीती वाटली. त्यांनी मोबाईलची चित्रे जतन केली, एकदा सोडून पाच वेळा, आणि मोठ्याने म्हणाल्या, "मामा, ऐकून ठेवा. चार बोटं. मला कोणी विचारलं आणि मी दुसरं काही सांगितलं, तर तुम्ही सांगा. चार."

"चार," मामा म्हणाला. "चांगलं की वाईट?"

"वाईट. माझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. दुष्काळ हळूहळू आला नव्हता, मामा. तीन-चार वर्षांत आला."

मामाने बूच परत बसवले आणि वरून तळव्याने दाबले.

परत येताना नरड्यात बाई थांबल्या नाहीत. भय तेवढेच होते, पण आता त्याला मागून ढकलणारे दुसरे भय होते.

खात्याची बैठक सातव्या मजल्यावर होती. सात मजले चढून आल्याने बाईंचा श्वास लागला होता. लांब टेबलाच्या एका टोकाला मुख्य अभियंता, भारदस्त, नीटनेटके गृहस्थ. शेजारी आराखड्याच्या समितीचे दोन सदस्य. अभियंत्यांनी पेन पुढे सरकवले.

"बाई, तुमची एक सही राहिलीय. तेवढी झाली की सुटलो."

"सही होणार नाही," बाई म्हणाल्या. आणि उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मुठीत घट्ट धरून त्यांनी सांगितले: तुकडा उलटा होता, बाण अंदाजाने काढला होता, भोकाची भिंत परवा स्वतः पाहिली, आणि दुष्काळाला सत्तर नव्हे, तीन किंवा फार तर चार वर्षे लागली होती. चित्रे टेबलावर ठेवली.

मग सदस्यांपैकी एकजण पाठ टेकवून म्हणाले, "म्हणजे चोवीस वर्षं आपण उलटा दगड सुलटा म्हणून वाचला. एवढी वर्षं झोपला होतात का, बाई?"

"झोपले असते तर बरं झालं असतं."

"आणि उद्या सांगाल, हेसुद्धा उलटं आहे?"

"त्या वेळी मी पाहिलं नव्हतं, तरी लिहिलं. आता पाहिलंय. चित्रांवर विश्वास नसेल तर तुमचा माणूस पाठवा, मी त्याच्याबरोबर पुन्हा आत जाईन." शेवटचे वाक्य उच्चारताना त्यांचा आवाज चिरकला, पण वाक्य पुरे झाले.

अभियंते चित्रांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तीन वर्षांत धरण आटलं तर..." ते स्वतःशीच म्हणाले, आणि पुढचे वाक्य त्यांनी गिळले. बाईंनी एकटीने चोवीस वर्षे वागवलेले भय आता त्यांच्या डोळ्यांत उतरले होते.

"विहिरींना हात लावू नका, इतकंच मागणं आहे माझं," बाई म्हणाल्या. "काम सुरू व्हायला अजून वेळ आहे ना?"

दोन्ही सदस्यांनी एकमेकांकडे पाहिले. अभियंत्यांनी घसा खाकरला. "मंजुरी गृहीत धरून ठेकेदाराने सोमवारीच सुरुवात केली. दोन बुजल्यात. तिसरीवर आज ट्रक लागलेत."

बाई उठून उभ्या राहिल्या, आणि कुठे जायचे हे न कळून तशाच उभ्या राहिल्या. अभियंत्यांनी टेबलावरचा फोन ओढला, मुकादमाला लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. पलीकडे ट्रकची घरघर, दगड ओतल्याचा गडगडाट.

"थांबवा! काम थांबवा!"

"काय साहेब? ऐकू येत नाही. मागे घेतोय ट्रक."

"अरे, ओतू नका म्हणतोय! बंद करा सगळं!"

घरघर थांबली. तोवर अभियंत्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

"थांबवलं साहेब. पण अर्धी भरलीय."

"दोर सोडून बघा. पाणी आहे का अजून?"

कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. दोर आणायला माणूस गेला. तिघेही त्या काळ्या यंत्राकडे टक लावून बसले होते. बाई भिंतीचा आधार घेऊन उभ्या होत्या. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग दोर कठड्यावर घासल्याचा आवाज. मग काहीच नाही.

"आहे, साहेब," मुकादम म्हणाला. "गढूळ झालंय. पण दगडांच्या वर पुरुषभर तरी आहे."

"राहू दे तसंच. बाकीच्या आठांना कोणी हात लावायचा नाही. मी येतोय."

अभियंत्यांनी फोन ठेवला, रुमालाने कपाळ पुसले आणि समोरची खुर्ची बाईंसाठी ओढली. "बसा, बाई. आता पहिल्यापासून सांगा. सावकाश सांगा, घाई नाही."

"घाई आहे," बाई म्हणाल्या, आणि बसण्याआधीच सांगू लागल्या.